जुनी आत्मचरित्रं खरंच जड असतात का?

जुनी आत्मचरित्रं वाचवत नाहीत, भाषा जड असते, असं बरेच जण म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढून बघा, १९३४ पासून भागाभागाने आलेलं पुस्तक, आणि वाचताना वाटतं की बाई समोर ओट्यावर बसून सांगतायत, वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या वेडाबद्दल तर मी एका बैठकीत वाचत सुटले होते. शाळेत न गेलेली बाई, त्यामुळे पुस्तकी वळण लागलंच नाही, जशी बोलली तशी लिहिली.

हां, रमाबाई रानड्यांच्या आठवणी (१९१०) सुरुवातीला थोड्या अडतात हे खरं, रमाबाई नवऱ्याचा, म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांचा, उल्लेख 'स्वतः' असा करतात आणि ते कळेपर्यंत दोन-चार पानं गोंधळ होतो. पण एकदा कान बसला की ते 'स्वतः'च इतकं गोड वाटायला लागतं.

उलट दया पवारांचं दलित आत्मकथन 'बलुतं' १९७८ चं, म्हणजे त्या मानाने आधुनिकच, पण ते सोपं आहे असं कसं म्हणणार? शब्द सोपे आहेत, पण दहा पानांनंतर पुस्तक खाली ठेवावं लागतं, पुढे जायची हिंमत होत नाही.

मला खरी अडचण हल्लीच्या, दुसऱ्याच कुणीतरी शब्दांकन केलेल्या आत्मकथनांची होते. सगळं गुळगुळीत, भरभर वाचून होतं, पण माणसाचा आवाजच ऐकू येत नाही, आणि तो नसेल तर आत्मचरित्र कशाला वाचायचं?