मदत हवी आहे: घरून काम करणाऱ्या पगारदाराला आयकरात काय वजा करता येतं? (वळचण, खतावणी, जमाखर्च ही मंचावरची टोपणनावं)

वळचण:
आर्थिक वर्ष २०२५-२६ चा हिशोब. नोकरी पूर्णवेळ घरून, वार्षिक पगार १५ लाख, त्यात बेसिक (मूळ पगार) दरमहा ५०,००० आणि एचआरए (घरभाडे भत्ता) २०,०००. कंपनी पगारातच दरमहा ३,००० 'वर्क फ्रॉम होम अलाउन्स' देते. ब्रॉडबँडचं बिल १,१८० येतं. खुर्ची १२,००० ची घ्यायची आहे. वडिलांच्या घरात राहून त्यांना १२,००० भाडं देतो. बिलं, खुर्ची, वाढलेली वीज हे रिटर्नमध्ये कुठे दाखवायचं?

खतावणी:
कुठेच नाही. या वर्षाला लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यात पगाराच्या उत्पन्नातून काय वजा होतं ते कलम १६ सांगतं: प्रमाणित वजावट (बिलं न दाखवता सरसकट मिळणारी), व्यवसाय कर आणि सरकारी नोकरांचा करमणूक भत्ता. बस्स. धंदेवाल्याला विजेचं बिल आणि खुर्चीचा घसारा (दरवर्षी उतरणारी किंमत) खर्चात टाकता येतो, पगारदाराला नाही. प्रमाणित वजावट नव्या करप्रणालीत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) ७५,०००, जुनीत ५०,०००. महाराष्ट्रातला २,५०० चा व्यवसाय कर फक्त जुनीत वजा होतो. 'रिफंड काढून देतो' म्हणणारे लोक अशी बिलं भलत्याच रकान्यात बसवतात. पकडलं गेलं तर कलम २७०ए खाली चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड, आणि तो त्या माणसाला नाही, तुम्हाला.

जमाखर्च:
रिटर्नमध्ये दार बंद असलं तरी पगाराच्या रचनेत थोडी फट आहे. दरमहा ठरावीक ३,००० हातात येतात तो भत्ता. तुम्ही त्यातून काहीही भरा, नव्या प्रणालीत तो पूर्ण करपात्र. तीच रक्कम कंपनीने बिल घेऊन फेडली तर ती प्रतिपूर्ती. टेलिफोन-मोबाइलचा असा खर्च आयकर नियमांतल्या नियम ३ प्रमाणे सवलतीच्या (कंपनीने पगाराशिवाय दिलेल्या सोयीच्या) मूल्यात शून्य धरला जातो, म्हणजे त्यावर कर नाही, नव्या प्रणालीतही. नियमात शब्द टेलिफोनचा आहे, पण बहुतेक पगारविभाग ब्रॉडबँड त्यातच धरतात. तुमच्या एचआरला लेखी विचारा.

फायदा किती? १,१८० गुणिले १२ म्हणजे १४,१६०. नव्या प्रणालीत तुमचा वरचा टप्पा १५ टक्के, उपकरासह १५.६, म्हणून वर्षाला सुमारे २,२०० रुपये वाचतील. फार नाही, पण फुकट सोडण्याइतके कमीही नाहीत.

अडतं ते इथे: बिल दुसऱ्याच्या नावावर असतं, प्रीपेड रिचार्जचा नुसता स्क्रीनशॉट लावलेला असतो, कर-बीजक नसतं, किंवा आधीच भत्ता म्हणून दिलेल्या पैशांना मार्चमध्ये प्रतिपूर्तीचं नाव दिलं जातं. शेवटचं तर चालतच नाही. बदल पुढच्या महिन्यापासून करून घ्या.

वळचण:
कनेक्शन वडिलांच्या नावावर आहे. आणि एचआर म्हणतंय, खुर्ची तुम्ही घ्या, आम्ही पैसे देतो.

जमाखर्च:
कनेक्शन आधी नावावर करून घ्या.

खुर्चीचे पैसे तुम्हाला मिळाले आणि खुर्चीही तुमचीच राहिली, तर ते सरळ पगारात धरले जातील. बिल कंपनीच्या नावाने करून खुर्ची फक्त वापरायला दिली, तर किमतीच्या १० टक्के, म्हणजे वर्षाला १,२०० एवढंच करपात्र. लॅपटॉप-संगणकाला तेही नाही, वापर पूर्ण करमुक्त.

वस्तू नंतर तुमच्या नावावर होते तेव्हा सगळेच गाफील असतात. खुर्चीची किंमत प्रत्येक पूर्ण वर्षाला मूळ किमतीच्या १० टक्क्यांनी उतरते: दोन वर्षांनी ९,६००. संगणकाची दरवर्षी उरलेल्या किमतीच्या निम्म्याने: ६०,००० चा लॅपटॉप दोन वर्षांनी १५,०००. फुकट दिला तर एवढी रक्कम त्या वर्षीच्या पगारात मिळवली जाते. थोडक्यात, लॅपटॉप जुना झाल्यावर नावावर घ्या, खुर्ची कंपनीचीच राहू द्या.

खतावणी:
एचआरएचं राहिलं. सूट फक्त जुन्या प्रणालीत. मिळालेला एचआरए, भाडं वजा बेसिकचे १० टक्के, आणि बेसिकचे ४० टक्के (मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईत ५०) यांतली सर्वांत लहान रक्कम. तुमचे १२,००० वजा ५,००० म्हणजे महिना ७,०००, वर्षाला ८४,०००. भाडं वर्षाला लाखाच्या वर आहे, म्हणून वडिलांचा पॅन द्यावा लागेल, त्यांनी ते उत्पन्नात दाखवायचं, आणि पैसे बँकेतून गेलेले हवेत.

पण आधी हे बघा. जुन्या प्रणालीत ५०,०००, २,५००, ८४,००० आणि ८०सी (पीएफ, विमा अशा गुंतवणुकी) चे पूर्ण दीड लाख वजा केले तरी उत्पन्न १२,१३,५०० उरतं, कर उपकरासह १,८३,६१२. नव्यात फक्त ७५,००० वजा करून १४,२५,००० वर कर ९७,५००. गृहकर्जाचं मोठं व्याज वगैरे नसेल तर भाडेपावत्यांच्या मागे लागू नका.

वळचण:
कर्ज नाही. मग नवी प्रणालीच. ब्रॉडबँड नावावर करायचा अर्ज आजच टाकतो आणि एचआरला खुर्चीचं बिल कंपनीच्या नावाने करायला सांगतो.