लिनक्सवर डेस्कटॉप मध्येच गोठतो: निदान कोठून सुरू करावे?

धागा

नमस्कार. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स असून डेस्कटॉप ग्नोम या वातावरणाचा आणि सत्र वेलँडचे (स्क्रीनवर चित्र दाखवण्याची नवी पद्धत; एक्स११ ही जुनी) आहे. रॅम ८ जीबी, साठवणुकीस एनव्हीएमई एसएसडी आणि ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच अंतर्भूत आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. गेल्या काही आठवड्यांपासून काम चालू असतानाच स्क्रीन गोठते आणि पॉवर बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. असे वारंवार केल्याने एखाद्या दिवशी फाइल सिस्टिमच बिघडेल अशी धास्ती वाटते.

शोध घेतला असता परस्परविरोधी सल्ले मिळतात. कोणी कर्नल (लिनक्सचा मूळ भाग) बदलण्यास सांगते, कोणी वेलँड सोडून एक्स११ वर जाण्यास, तर कोणी सारी प्रणालीच नव्याने बसवण्यास. हे सगळे आंधळेपणाने करून पाहण्यापेक्षा दोष नेमका कोठे आहे हे शोधण्याची काही पद्धत असल्यास कृपया सांगावी. टर्मिनल वापरण्याची मला सवय आहे.

प्रतिसाद

आपण विचारलेला प्रश्न योग्य आहे. ‘डेस्कटॉप गोठला’ हे एकच लक्षण किमान चार वेगवेगळ्या ठिकाणच्या बिघाडांतून दिसू शकते: कर्नल थांबलेले असते, ग्राफिक्स ड्रायव्हर अडकलेला असतो, फक्त कंपोझिटर, म्हणजे खिडक्या एकत्र करून स्क्रीनवर रेखाटणारा प्रोग्रॅम (येथे ग्नोम शेल), प्रतिसाद देत नसतो, किंवा सर्व काही जिवंत असून रॅम संपल्यामुळे यंत्र मुंगीच्या पावलाने चालत असते. यांतील कोणता प्रकार आहे हे पुन्हा सुरू केल्यानंतर कळणे अवघड असते, म्हणून तपास गोठलेल्या अवस्थेतच करावा लागतो.

पुढच्या वेळी स्क्रीन गोठली की पॉवर बटणाकडे जाण्यापूर्वी कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा बदलतो का ते पाहावे. याबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. दिवा बदलला नाही म्हणजे कर्नल मेले, असे छातीठोकपणे सांगितले जाते. परंतु ग्राफिकल सत्रात तो दिवा बदलण्याचे काम बहुधा कंपोझिटर किंवा, एक्स११ असल्यास, एक्स सर्व्हर करतो, त्यामुळे दिवा न बदलणे यावरून फक्त तेवढा थर अडकला आहे असे अनुमान निघते. याउलट दिवा बदलत असेल आणि चित्र मात्र हलत नसेल, तर ती फार मोलाची खूण आहे, कारण कंपोझिटर शाबूत असून त्याने रेखाटलेले स्क्रीनपर्यंत पोहोचत नाही असा त्याचा अर्थ होतो. दिवा आपोआप उघडमीट करू लागला, तर मात्र ते कर्नल पॅनिकचे, म्हणजे कर्नल कोसळल्याचे, लक्षण आहे, जरी प्रत्येक कीबोर्डवर ते दिसेलच असे नाही.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून मजकुरी टर्मिनल उघडते का, हेही पाहावे. मात्र ग्राफिकल सत्र चालू असताना ही कळही कंपोझिटरच्याच हाती असते, त्यामुळे तिला प्रतिसाद मिळाला नाही तरी निराश होण्याचे कारण नाही. सर्वांत विश्वसनीय कसोटी म्हणजे दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून एसएसएच करणे, म्हणजे नेटवर्कवरून या लॅपटॉपचे टर्मिनल उघडणे. त्यासाठी एसएसएच सर्व्हर आधीच चालू करून ठेवावा आणि लॅपटॉपचा स्थानिक आयपी पत्ता लिहून ठेवावा. एसएसएच जोडले गेले तर कर्नल, नेटवर्क आणि डिस्क या तिन्ही गोष्टी बहुतेक धड आहेत हे एकाच झटक्यात दिसते, आणि ‘डीमेसेज’ (कर्नलच्या नोंदी) व ‘टॉप’ (चालू प्रोग्रॅमची यादी) या आज्ञा तेथूनच चालवून पाहता येतात.

प्रतिसाद

वरील प्रतिसादात पॉवर बटणाला असलेला पर्याय राहिला आहे, तो जोडतो. लिनक्स कर्नलमध्ये सिसरिक्यू नावाची सोय आहे. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन या कळा धरून एखादे अक्षर दाबले की ती सूचना कंपोझिटरला वळसा घालून थेट कर्नलकडे जाते (काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळही लागते). आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरे क्रमाने आणि प्रत्येकानंतर काही सेकंद थांबून दाबल्यास कीबोर्ड परत कर्नलच्या ताब्यात येतो, चालू प्रोग्रॅमना थांबण्याची विनंती जाते, न थांबलेले मारले जातात, रॅममधील न लिहिलेली माहिती डिस्कवर उतरते, डिस्क केवळ वाचनासाठी पुन्हा जोडली जाते आणि मग यंत्र पुन्हा सुरू होते. फाइल सिस्टिमविषयीची आपली धास्ती याने बरीच कमी होईल.

अडचण अशी की लिनक्सच्या बहुतेक वितरणांत (उबुंटू, फेडोरा यांसारख्या तयार संचांत) ही सोय पूर्णपणे खुली नसते. उबुंटूमध्ये ‘कर्नल.सिसरिक्यू’ या सेटिंगचे मूल्य १७६ असते, त्यामुळे एस, यू आणि बी चालतात, परंतु आर, ई आणि आय चालत नाहीत. फेडोरामध्ये ते १६ असते, म्हणजे फक्त एस चालते. मूल्य २४४ ठेवल्यास वरील सर्व अक्षरे चालतात, आणि शिवाय एफ हे अक्षरही चालते, ज्याने सर्वाधिक रॅम अडवणारा प्रोग्रॅम कर्नलकरवी तत्काळ मारता येतो. ज्या संगणकाच्या कीबोर्डपर्यंत परक्या व्यक्ती पोहोचू शकतात तेथे हे मूल्य वाढवण्यापूर्वी विचार करावा.

आता नोंदींविषयी. (आज्ञा येथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत टंकाव्यात.) पुन्हा सुरू केल्यानंतर ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ ही आज्ञा द्यावी, तिने मागील बूटमधील, म्हणजे संगणक मागच्या वेळी चालू असतानाच्या, कर्नलच्या नोंदी दिसतात. मागील बूट सापडतच नसेल, तर ‘व्हार’ मधील ‘लॉग’ या डिरेक्टरीत ‘जर्नल’ नावाची डिरेक्टरी आहे का ते पाहावे, कारण मूळ सेटिंगनुसार ती नसल्यास नोंदी रॅममध्येच राहतात आणि बंद करताच नाहीशा होतात. येथे आणखी एक मेख आहे. सामान्य पातळीच्या नोंदी डिस्कवर पक्क्या करण्याचे जर्नलडीचे (नोंदी ठेवणाऱ्या सेवेचे) मूळ अंतर ५ मिनिटांचे आहे आणि केवळ अतिगंभीर नोंदीच लगोलग पक्क्या केल्या जातात. त्यामुळे गोठल्याबरोबर घाईने वीज तोडली तर नेमक्या हव्या त्या शेवटच्या ओळीच गायब होण्याचा संभव असतो. आधी सिसरिक्यूसह एस दाबावे, थोडे थांबावे आणि मगच पुढे जावे.

नोंदींत ‘जीपीयू हँग’, ‘रिंग’ या शब्दासोबत ‘टाइमआउट’, ‘फ्लिप डन टाइम्ड आउट’ किंवा एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर ‘एक्सआयडी’ असे काही आढळल्यास संशय ग्राफिक्सवर घ्यावा. ‘सॉफ्ट लॉकअप’ म्हणजे प्रोसेसरचा एखादा गाभा कर्नलमध्येच अडकून पडला. ‘ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद्स’ अशा ओळी बहुधा डिस्कची वाट पाहत बसलेल्या प्रोग्रॅमच्या असतात. ‘आउट ऑफ मेमरी’ची नोंद स्वयंस्पष्ट आहे, पण ती नसणे म्हणजे रॅम पुरेशी होती असे मात्र नव्हे.

प्रतिसाद

शेवटच्या वाक्याशी पूर्णतः सहमत. ८ जीबी रॅम, ब्राउझरमधील असंख्य टॅब आणि एखादा इलेक्ट्रॉनवर (ब्राउझरचे इंजिन सोबत आणणाऱ्या साच्यावर) बांधलेला संवादाचा प्रोग्रॅम एवढे एकत्र आले की ही शंका प्रथम घ्यावी असे माझे मत आहे. रॅम भरू लागली की कर्नल आधी फाइलींची रॅममधील प्रत टाकून देते, आणि त्यात चालू प्रोग्रॅमचा स्वतःचा कोडही असतो. तो कोड पुढच्याच क्षणी लागत असल्याने पुन्हा डिस्कवरून वाचावा लागतो आणि हे चक्र अव्याहत चालू राहते. कर्नलच्या दृष्टीने काम पुढे सरकत असते, म्हणून ते कोणालाही मारत नाही. आपल्या दृष्टीने मात्र संगणक गोठलेला असतो. स्वॅप (रॅम भरल्यावर तिच्यातील माहिती ठेवण्याची जागा, बहुधा डिस्कवरील) बंद केल्याने हे टळते हा समज याच कारणामुळे चुकीचा आहे, कारण कोड टाकून देण्यासाठी स्वॅपची गरजच नसते.

खात्री करण्यासाठी ‘प्रॉक’ मधील ‘प्रेशर’ या डिरेक्टरीतील ‘मेमरी’ ही फाइल वाचावी. कर्नल ४.२० पासून उपलब्ध असलेल्या या फाइलीत रॅमअभावी प्रोग्रॅमचा किती टक्के वेळ वाया गेला याची १०, ६० आणि ३०० सेकंदांची सरासरी मिळते. ‘फुल’ या ओळीतील आकडा चढत असेल तर आणखी पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही.

उपाय म्हणून ‘अर्लीओओएम’ बसवावे. मोकळी रॅम आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांच्या खाली गेले की ते सर्वांत दोषी प्रोग्रॅमला थांबण्यास सांगते आणि ५ टक्क्यांखाली गेले की थेट मारते. फेडोरा ३४ पासून आणि उबुंटू २२.०४ पासून याच कामाचे ‘सिस्टमडी-ओओएमडी’ आधीपासूनच असते, परंतु ते एका प्रोग्रॅमऐवजी त्याचा संपूर्ण गटच मारते, त्यामुळे एखाद्या टॅबऐवजी अख्खा ब्राउझर नाहीसा होतो. मला स्वतःला अर्लीओओएम अधिक समंजस वाटते. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नयेत. झेडरॅम, म्हणजे रॅममध्येच संकुचित करून ठेवलेला स्वॅप, जोडीला असल्यास ८ जीबी बऱ्यापैकी पुरवता येतात.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे एसएसएच चालू करून ठेवले, सिसरिक्यूचे मूल्य बदलले आणि वाट पाहिली. निष्कर्ष अनपेक्षित आहे: ज्याला मी एक दोष समजत होतो, ते दोन आहेत.

पहिल्या प्रकारात माउसचा बाण अडखळत हलतो, डिस्कचे वाचन अखंड चालू असते, एसएसएच जोडण्यास फार वेळ लागतो आणि प्रेशरच्या फाइलीतील ‘फुल’चा आकडा बराच वर गेलेला दिसतो. हे रॅमचेच प्रकरण आहे यात शंका उरली नाही. अर्लीओओएम बसवले आहे.

दुसऱ्या प्रकारात गाणे चालूच राहते, कॅप्स लॉकचा दिवा बदलतो, एसएसएच तत्काळ जोडले जाते आणि रॅम निम्म्याहून अधिक मोकळी असते. केवळ चित्र थांबलेले असते. मजकुरी टर्मिनलवर जाऊन परत आले की चित्र पूर्ववत होते. हा प्रकार मी काही वाचत असताना, म्हणजे स्क्रीनवर फारसे काही हलत नसताना अधिक घडतो. बाहेरचा मॉनिटर जोडला असेल तर त्यावरील चित्र मात्र व्यवस्थित चालू राहते.

प्रतिसाद

आपले शेवटचे दोन तपशील निर्णायक ठरावेत. स्थिर चित्राच्या वेळी आणि केवळ लॅपटॉपच्या अंगच्या स्क्रीनवर दोष दिसणे, यावरून माझा संशय पॅनेल सेल्फ रिफ्रेश या सोयीवर जातो. चित्र बदलत नसताना स्क्रीनचे पॅनेल शेवटची चौकट स्वतःच्या मेमरीत धरून ठेवते आणि ग्राफिक्सकडून येणारा प्रवाह थांबवला जातो, ज्यायोगे बॅटरी वाचते. चित्र बदलल्यावर पॅनेलला जागे करण्यात गफलत झाली, की जुनी चौकटच दिसत राहते.

पडताळणीसाठी ग्रबच्या (संगणक सुरू होताना प्रणाली निवडण्याच्या) यादीत ई हे अक्षर दाबून ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक पर्याय जोडावा. ड्रायव्हर आय९१५ (इंटेलचा) असल्यास तो ‘आय९१५.इनेबल_पीएसआर=०’ असा आहे आणि एएमडीजीपीयू असल्यास ‘एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१०’ असा. असा बदल त्या एका बूटपुरताच राहतो, त्यामुळे काही बिघडले तरी पुन्हा सुरू केल्यावर सर्व जसेच्या तसे होते. गुण आला तरच तो ग्रबच्या कायमच्या सेटिंगमध्ये लिहावा. एका वेळी एकच पर्याय बदलावा ही विनंती; सापडलेले सगळे पर्याय एका ओळीत कोंबले की कशाने बरे वाटले हे कधीच कळत नाही, आणि मग ती ओळ वर्षानुवर्षे तशीच राहते. ‘नोमोडसेट’ मात्र टाळावे. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हरच बाजूला पडतो, सर्व काही मंदावते, आणि निदानाच्या दृष्टीने ‘दोष ग्राफिक्समध्ये आहे’ यापलीकडे काही हाती लागत नाही.

प्रतिसाद

एक्स११ वर जाऊन पाहावे का, या मूळ प्रश्नाचे उत्तर राहून गेले. तुलनेसाठी एखादा दिवस जाऊन पाहण्यास हरकत नाही, पण त्याला उपाय मानू नये, कारण ग्नोम ४९ मध्ये एक्स११ सत्र मूळ सेटिंगनुसार बंद आहे आणि ही पळवाट फार काळ राहणार नाही. आपल्या लक्षणांत तर कंपोझिटर निर्दोष दिसतो, त्यामुळे तो बदलून फरक पडण्याची शक्यता कमीच. ज्यांचा कंपोझिटरच अडकतो त्यांनी आधी ग्नोमची एक्स्टेन्शन्स सर्व एकदम बंद करून पाहावीत.

पुढेमागे हा धागा वाचणाऱ्यांसाठी आणखी थोडे. संगणक काहीही न करता पडून असताना पूर्ण गोठत असेल आणि प्रोसेसर २०१७ च्या सुमाराचा पहिल्या पिढीचा रायझेन असेल, तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हा पर्याय शोधून ‘टिपिकल करंट आयडल’ करावा. इंटेलच्या बे ट्रेल प्रोसेसरवर ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ हा जुना आणि बॅटरी खाणारा इलाज आहे. ज्यांच्या नोंदींत काहीच सापडत नाही आणि गोठण्याला कसलाच नियम नाही, त्यांनी रॅम तपासणारे मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवावे. सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआय (बायोसची जागा घेणारी नवी व्यवस्था) असलेल्या संगणकांवरही चालते.

धागाकर्ता

पर्याय जोडल्यापासून दुसऱ्या प्रकारचे गोठणे पुन्हा घडलेले नाही, आणि पर्याय काढून मुद्दाम एक बूट केले असता ते त्याच दिवशी परतले. बॅटरी किंचित लवकर उतरते, ते मला मान्य आहे. अर्लीओओएमने एकदा ब्राउझरचा एक टॅब मारला, बाकीचे काम अबाधित राहिले. ड्रायव्हरच्या विकासकांना हे कळवावे असे वाटते. त्यांना कोणती माहिती द्यावी लागते?

प्रतिसाद

जरूर कळवावे. आय९१५ आणि एएमडीजीपीयू या दोन्ही ड्रायव्हरच्या तक्रारी फ्रीडेस्कटॉप प्रकल्पाच्या गिटलॅब या संकेतस्थळावर घेतल्या जातात. कर्नलची नेमकी आवृत्ती, लॅपटॉपचे मॉडेल, ‘एलएसपीसीआय -एनएन’ (जोडलेल्या हार्डवेअरची यादी) चे ग्राफिक्सपुरते उत्तर, आणि चित्र गोठलेले असतानाच एसएसएचवरून घेतलेली ‘डीमेसेज’ची पूर्ण प्रत द्यावी. त्या बूटमध्ये ‘डीआरएम.डीबग=०एक्सई’ हा पर्याय जोडलेला असल्यास प्रत कितीतरी अधिक उपयोगी ठरते. पर्यायासह आणि पर्यायाविना काय घडले हे स्पष्ट लिहावे, आणि जमल्यास तक्रारीपूर्वी त्या वेळचे सर्वांत नवे कर्नल एकदा चालवून पाहावे, कारण पहिला प्रश्न हमखास तोच विचारला जातो.