पॅलिएटिव्ह केअरला मराठीत काय म्हणावं?

मुक्ता: मेंदूच्या ट्यूमरच्या पेशंट्सच्या घरच्यांसाठी एका ऑन्कॉलॉजिस्टनी (कॅन्सरच्या डॉक्टरांनी) लिहिलेली माहिती मराठीत करतेय. त्या म्हणतात की पॅलिएटिव्ह केअर (म्हणजे आजाराचा त्रास हलका करून जगणं सुसह्य करणारी काळजी) आम्ही निदान झाल्यापासूनच सुरू करतो, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी चालू असतानाच. मी 'उपशामक उपचार' लिहिलं. मावशीला वाचायला दिलं तर म्हणाली, "म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?" नेमका उलटा अर्थ पोचतोय. दुसरा शब्द सुचवा ना.

अक्षरवेडा: उपशामकच ठेव. पॅलिएटिव्ह आलाय लॅटिन पॅलियमवरून, पॅलियम म्हणजे अंगावरचा झगा, म्हणजे त्यांचा शब्द दुखणं झाकतो, आपला शमवतो. वापरल्याशिवाय शब्द रुळणार कसा?

रोहिणी: वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलंय, उपशामक कुणाच्या तोंडून ऐकला नाही. घरच्यांशी बोलताना आम्ही 'त्रास कमी करायचे उपचार' म्हणायचो. डोकेदुखी, उलट्या, फिट्स हे त्यात येतंच, पण डेक्सामेथासोन ह्या स्टिरॉइडने मेंदूची सूज उतरली की माणूस जरा सावरतो आणि मग त्याच गोळीने झोप उडते, चिडचिड होते, शुगर चढते, तर तो डोस जमेल तेवढा खाली आणणं हेही ह्याच केअरमध्ये धरायचं. आणि ग्लायोब्लास्टोमात, म्हणजे मेंदूच्या वेगाने वाढणाऱ्या ग्रेड ४ ट्यूमरमध्ये, वाचा जाऊ शकते, समज जाऊ शकते, म्हणून चांगले डॉक्टर पेशंट बोलता आहे तोवरच विचारून घेतात की तुम्हाला पुढे काय हवंय, काय नको. हे 'त्रास कमी करणं'मध्ये मावत नाही.

जुना वाचक: मग शुश्रूषा म्हणा की! श्रु धातूचं इच्छार्थक रूप, मूळ अर्थ ऐकायची इच्छा. सेवा हा अर्थ नंतरचा. रोहिणीताई सांगतायत तेच.

अक्षरवेडा: व्युत्पत्ती मान्य काका, पण आज शुश्रूषा म्हणजे नर्सिंग. शिवाय निम्मे लोक 'सुश्रुषा' लिहितात.

जुना वाचक: लोक चुकीचं लिहितात म्हणून शब्द टाकायचा? आणि उपशामक कोण धड वापरतंय?

किरण: मुक्ता, ग्रेड ४ चं 'चौथी स्टेज' नको करूस हां. आमच्या घरी तेच झालं, कॅन्सर अंगभर पसरला असं समजून सगळे हबकले. मेंदूतच सुरू झालेल्या ट्यूमरला सहसा स्टेज देत नाहीत, तो मेंदूबाहेर क्वचितच जातो. ग्रेड पेशींवरून ठरते, २०२१ पासून काही प्रकारांत जनुकीय तपासणीवरूनही.

मुक्ता: बापरे, मी 'चौथा टप्पा' लिहिलंय. श्रेणी करू का?

अक्षरवेडा: श्रेणी चांगला आहे.

रोहिणी: परीक्षेतली श्रेणी वाटेल, वरची चांगली की खालची ह्यात लोक अडकतील.

जुना वाचक: प्रत?

किरण: प्रत म्हणजे झेरॉक्स हो काका! ग्रेडच राहू दे आणि पहिल्यांदा येईल तिथे लिही, आकडा जितका मोठा तितकी गाठ वेगाने वाढणारी.

अक्षरवेडा: म्हणजे ग्रेड इंग्रजी, ट्यूमर इंग्रजी, केअर पण इंग्रजी. ट्यूमरसाठी अर्बुद हा सुश्रुतसंहितेतला शब्द आहे, तो तरी घ्या.