शब्दचर्चा : दरवळ, घमघमाट, दर्प आणि अत्तराचा फाया

प्रश्न, आर्णीहून

बचत गटाच्या दुकानात अत्तराच्या शिश्या ठेवल्या आहेत. गुलाब, मोगरा, खस, हिना, मजमुआ. प्रत्येकीवर मराठी चिठ्ठी लावायची आहे, म्हणजे झाकण उघडायच्या आधीच गिऱ्हाइकाला अंदाज यावा. 'मंद', 'मध्यम', 'उग्र' असं लिहिलं तर चालेल काय? दरवळ, घमघमाट, परिमळ यांत नेमका फरक कोणता? आणि अत्तर 'लावतात' की 'मारतात'?

अचलपूरहून

ताई, 'उग्र' अजिबात लिहू नका. उग्र म्हणजे नाकाला टोचणारा, फिनाइलसारखा. हिन्याच्या शिशीवर 'गडद' लिहा, मोगऱ्यावर 'मंद' चालेल.

बाकीच्या शब्दांचं असं आहे. 'दरवळ' पसरत येतो; माणूस बाजूनं निघून जातो आणि मागं राहतो तो दरवळ. 'घमघमाट' जागा भरून टाकतो. मांडवात गजरे वाटले की मोगऱ्याचा घमघमाट सुटतो, तिथं दरवळ म्हणणं कमी पडतं. अत्तर लावलेल्या माणसाबद्दल 'घमघमून राहिला' म्हटलं तर ते कौतुक नव्हे, जास्त झालं असा त्याचा अर्थ. 'दर्प' त्याच्याही पुढचा. संस्कृतात दर्प म्हणजे गर्व, मराठीत मात्र डोकं धरायला लावणारा वास. 'वास' हा शब्द तसा तटस्थ, पण आपल्याकडे नुसतं 'वास येऊन राहिला' म्हटलं की ऐकणारा आधी चप्पल पाहतो.

'परिमळ' हा फार नेमका शब्द आहे आणि आपण तो उगीच कवितेत कोंडून ठेवला. अमरकोशात परिमल म्हणजे मर्दनातून उठणारा मनोहर गंध, आणि दूरवर जाणारा तो आमोद. कातडीच्या उबेनं उठणाऱ्या अत्तराला परिमळच शोभतो. चिठ्ठीवर 'जवळचा परिमळ' आणि 'लांबचा दरवळ' असे दोन प्रकार केले तर गिऱ्हाइकाला मंद-मध्यमपेक्षा जास्त कळेल.

पुसदहून

अत्तर लावतात, सेंट मारतात. यामागं कारण आहे. अत्तर तेलात असतं, ते बोटानं किंवा काचेच्या काडीनं टेकवायचं. सेंट स्पिरिटात असतं, ते फवारायचं, म्हणून 'मारणं'. गिऱ्हाईक 'अत्तर मारायचं' म्हणालं तर त्याला बहुतेक फवाऱ्याची बाटली हवी असते. विचारून घ्या.

फाया हाही गिऱ्हाइकाला दाखवून द्यायचा शब्द. चिमूटभर कापूस तुरीच्या दाण्याएवढा वळायचा, शिशीच्या तोंडाला टेकवून ओला करायचा, दाबून जास्तीचं तेल काढायचं आणि कानाच्या पाळीच्या वरच्या घडीत बसवायचा. कानाच्या भोकात नाही! सैल वळलेला फाया गळतो आणि कॉलरवर डाग पडतो. हिना आणि शमामा (मसाले-वनस्पतींचं मिश्र अत्तर) तपकिरी असतात, पांढऱ्या सदऱ्यावर त्यांचा डाग धुऊनही जात नाही. अशी अत्तरं कातडीलाच लावावीत : मनगट, कोपराची आतली बाजू, कानामागं. एका वेळी दोन जागा पुरेत. मनगटं एकमेकांवर जोरानं घासू नयेत, वरचा हलका वास लवकर उडतो. आणि लिंबूवर्गी तेल असलेलं अत्तर लावून उन्हात जाऊ नये. त्यातल्या काही घटकांमुळे कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहतात.

धारणीहून

या यादीत आपल्या जंगलातला शब्द नाही, तो मी घालतो : तिखाडी. रोशा म्हणतात तेच गवत, गवती चहाचं भाऊबंद. फुलोऱ्यावर आल्यावर कापून ऊर्ध्वपातन केलं की गुलाबासारख्या वासाचं तेल निघतं, कारण त्यात जिरॅनिऑल हा गुलाबासारख्या वासाचा घटक भरपूर असतो. पूर्वी हे तेल मुंबईहून तुर्कस्तानकडं जायचं आणि तिथल्या गुलाबतेलात मिसळलं जायचं. आजही स्वस्त 'गुलाब' अत्तरात अनेकदा हाच वास असतो. ते वाईट नाही, फक्त चिठ्ठीवर 'रोशा' लिहावं.

आर्णीहून

पुरवठा करणाऱ्याच्या यादीत 'रूह गुलाब' आणि 'गुलाब अत्तर' वेगवेगळे आहेत. आणि मजमुआला मराठी शब्द कोणता?

वरोऱ्याहून

रूह म्हणजे प्राण. धंद्यात रूह म्हणजे निव्वळ फुलाचं किंवा मुळाचं तेल, दुसरा आधार नसलेलं. अत्तर परंपरेनं चंदनतेलात उतरवलेलं. अत्तरासाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातल्या कनौजची पद्धत अशी : तांब्याच्या देगेत (मोठ्या हंड्यात) फुलं आणि पाणी, वरचं झाकण मातीनं लिंपून बंद, बांबूच्या चोंग्यातून (नळीतून) वाफ भपक्यात, म्हणजे ती गार होऊन जमते त्या भांड्यात, आणि भपक्यात आधीच चंदनतेल. मिट्टी अत्तरही असंच, फुलांऐवजी भाजलेली माती. आपण ज्याला मृद्गंध म्हणतो तोच शिशीत.

आता चंदन महाग झालं, म्हणून पुष्कळ ठिकाणी आधाराला पॅराफिनसारखं बिनवासाचं तेल असतं. किलोभर गुलाबतेलाला साधारण ३ ते ४ हजार किलो फुलं लागतात. तेव्हा १०० रुपयांची शिशी 'रूह गुलाब' असूच शकत नाही. पुरवठादारानं तसं लिहिलं असलं तरी तुमच्या चिठ्ठीवर 'गुलाब' एवढंच ठेवा.

मजमुआला मराठी शब्द शोधू नका. अरबीत त्याचा अर्थ एकत्र केलेलं, आणि आपला 'जमा' त्याच धातूचा. खस, केवडा, कदंब आणि मिट्टी यांचं ते मिश्रण. चिठ्ठीवर ही चार नावं लिहिली की झालं. खसपुढं कंसात 'वाळा' जरूर लिहा. कूलरच्या ताटीतला आणि माठातला वाळा सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

निवड करून देताना एका वेळी तीनच वास. कागदाच्या पट्टीवर थेंब, मग आवडलेला एकच मनगटावर. पाच मिनिटांत ठरवायला लावू नका, अर्ध्या तासानं खालचा वास वर येतो आणि शेवटी तोच अंगावर राहतो. नाक बधिर झालं तर स्वतःच्या बाहीचा वास घ्यायला सांगा.

अचलपूरहून

ऋतूचे शब्दही घाला : 'थंड' आणि 'गरम'. अत्तरवाले हेच बोलतात. खस, गुलाब, मोगरा, केवडा थंड. हिना, शमामा, ऊद (अगरूच्या लाकडाचं) गरम. मे महिन्यात ४५ अंशात गरम अत्तराचा दर्प होतो, तेच डिसेंबरच्या पहाटे बेतशीर लागतं.

पुसदहून

आणखी दोन क्रियापदं, तक्रार आली की उपयोगी पडतील. 'वास उडाला' म्हणजे झाकण सैल होतं. 'वास उतरला' म्हणजे शिशी ऊन किंवा उष्णता लागून बिघडली. टिनाच्या छपराखाली वरच्या फळीवर शिश्या ठेवू नका, खालच्या कपाटात, खोक्यात ठेवा. पाव तोळ्याच्या, म्हणजे ३ मिलिच्या शिश्या जास्त ठेवा आणि तोळ्याच्या कमी. अर्धी रिकामी शिशी जितके दिवस पडून राहील तितकी हवा आत जाऊन अत्तर उतरत जातं.