स्ट्रॉबेरी घेताना नक्की काय बघता?

गवतीचहा:
हंगाम सुरू झाला की डबी दिसली रे दिसली, हात जातोच. पण लालचुटूक बघून आणलेली फळं एक तर आंबटढाण निघतात, नाहीतर पाणचट. आंबट निघाली तर बाहेर ठेवून पिकतात का?

काटेकोर:
नाही पिकत. आंबा-केळी तोडल्यावर पिकतात, स्ट्रॉबेरीचं तसं नाही. ठेवली की रंग थोडा गडद होतो, फळ मऊ पडतं, पण गोडी झाडावर असताना जेवढी भरली तेवढीच. त्यामुळे काय पारखायचं ते घेतानाच.

देठापाशी बघा. तिथे रुंद पांढरा-हिरवट पट्टा असेल तर फळ बहुधा घाईने खुडलंय. (काही जातींत जराशी पांढरी कड पिकल्यावरही राहते, तेवढ्यावरून नाक मुरडू नका.) वरची पानं हिरवी आणि टवटवीत हवीत. सुकून वळलेली असली तर माल शिळा.

उनाडवारा:
मी तर आधी वास घेतो. पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा वास डबी नाकाशी नेली की येतोच. फक्त डबी गारढोण असेल तर वास दबतो, तेव्हा घाईने निकाल देऊ नका.

आकाराला अजिबात भुलू नका, मोठी म्हणजे गोड असं काही नसतं. आणि डबी उलटी करून तळ बघाच. वर राजबिंडी फळं आणि खाली लाल पाणी ओघळलेलं, हे नेहमीचंच.

जाता जाता: आपण बिया म्हणतो ते बाहेरचे ठिपके, वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तीच खरी फळं. आपण खातो तो फुलाचा फुगलेला तळ!

गवतीचहा:
वास घ्यायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. बरं, मी आणल्या आणल्या धुऊन फ्रीजमध्ये ठेवते, तरी बुरशी का येते?

काटेकोर:
धुऊन ठेवता म्हणूनच! ओल राहिली की बुरशीचं फावतं. न धुता, पसरट डब्यात कागद घालून एकाच थरात ठेवा. त्याआधी दबलेली फळं वेगळी काढून त्याच दिवशी संपवा. एक सडलं की शेजारचंही जातं. खायच्या वेळी धुवा, तेही देठासकट. देठ आधी काढलं तर त्या खळग्यातून पाणी आत शिरतं आणि चव पातळ होते.

साखरफुटाणे:
खायच्या अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढा, गार फळाला ना वास ना चव. आंबट निघालेल्यांच्या चकत्या करून वर साखर भुरभुरवा आणि वीसेक मिनिटं विसरून जा. साखर रस ओढून घेते, भांड्याच्या तळाशी लाल पाक जमतो. वर चिमूटभर मिरपूड. हसू नका, करून बघा.

दुधात घालणार असाल तर दूध गार हवं आणि लगेच प्या, आंबटपणाने फाटू शकतं. जास्त झाल्या तर धुऊन, पूर्ण कोरड्या करून, देठ काढून ताटात सुट्या गोठवा आणि मग पिशवीत भरा, म्हणजे गोळा होत नाही. बर्फ सुटल्यावर लिबलिबीत होतात, त्यामुळे त्या स्मूदी नाहीतर जॅमसाठीच.

गवतीचहा:
मिरपूड आजच! बुरशीचा भाग कापून उरलेलं फळ चालतं का?

काटेकोर:
नको. फळ मऊ आणि पाणीदार, बुरशी दिसते त्याच्या बरीच आत गेलेली असते. ते अख्खं टाका. शेजारची घट्ट आणि कोरडी असतील तर धुऊन आजच संपवा.