प्रतिसाद: पोलिओचं काम कसं विसरलात?

'सेवा क्लब म्हणजे पदग्रहण समारंभ आणि फळवाटपाचे फोटो' हे रोटरी क्लबवरच्या चर्चेत कुणीतरी मांडलेलं मत मला अर्धंच पटतं. समारंभ कमी व्हायला हवेत, हे खरंच. पण रोटरीवर एवढी चर्चा झाली आणि पोलिओचा विषय कुणीच काढला नाही, याचं वाईट वाटलं. 1985 साली रोटरीने पोलिओप्लस ही मुलांना पोलिओची लस देण्याची मोहीम हाती घेतली तेव्हा शंभराहून जास्त देशांत हा रोग होता. आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात या कामातली अवघड गोष्ट म्हणजे ऊसतोड टोळ्या. गळीत हंगामात बीडकडची कुटुंबं निपाणी, चिकोडी, अथणीकडे येऊन खोपी घालून राहतात. त्यांची पोरं गावच्या यादीत नसतात आणि आईबाप पहाटेच फडात गेल्यावर त्यांना बूथवर आणणार कोण? म्हणून खोपीवर, वीटभट्टीवर, बसस्टँडवर जाऊनच डोस पाजायचे आणि डाव्या करंगळीला शाईची खूण करायची. लस सरकारची, सगळ्यात जास्त पायपीट आशा-अंगणवाडीच्या बायकांची, हे आधी मान्य करू. त्यांच्या जोडीला क्लबचे स्वयंसेवक उभे राहिले. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला. 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त ठरला.

आणखी एक, सीमाभागातल्या माणसाला विशेष वाटावं असं: रोटरीच्या डिस्ट्रिक्ट 3170 मध्ये (डिस्ट्रिक्ट म्हणजे रोटरीने आपल्या क्लबांसाठी आखलेला विभाग) बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, सिंधुदुर्ग आणि गोवा एकत्र आहेत. निपाणीच्या क्लबने कोल्हापूरकडे मदत मागितली तर राज्य बदलतं, डिस्ट्रिक्ट बदलत नाही.