स्टॅनली वूड्स आणि 1935 च्या सीनियर टीटीमधील चार सेकंद

प्रश्न – बालाघाट, अंबाजोगाई

आयरिश मोटारसायकल शर्यतपटू स्टॅनली वूड्स यांनी 1923 ते 1939 या काळात आइल ऑफ मॅन बेटावरील टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) शर्यती दहा वेळा जिंकल्या आणि त्यांचा हा विक्रम 1967 मध्ये माइक हेलवूड यांनी मोडला, एवढे मला ठाऊक आहे. मात्र 1935 ची सीनियर टीटी, म्हणजे 500 सीसी गटाची शर्यत, मला उलगडत नाही. शेवटच्या फेरीच्या आरंभी नॉर्टन या ब्रिटिश कंपनीच्या गाडीवरील जिमी गथ्री 26 सेकंदांनी पुढे होते, अंतिम रेषाही त्यांनीच आधी ओलांडली, विजेते म्हणून त्यांचे अभिनंदनही झाले. तरीही वूड्स चार सेकंदांनी जिंकले. हे कसे घडले, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर – गोदाकाठ, नांदेड

टीटीमध्ये सर्व स्पर्धक एकदम सुटत नसत. ज्या शंकरपटात जोडी एकेकटी धावते आणि निकाल घड्याळावर लागतो, तसाच हा प्रकार होता. गथ्री सर्वांत आधी सुटले होते आणि वूड्स त्यांच्यानंतर साडेचौदा मिनिटांनी, त्यामुळे गथ्री पोहोचले तेव्हा वूड्स यांची बरीच वाट शिल्लक होती. शिवाय वूड्स ज्या इटालियन कंपनीच्या गाडीवर होते, त्या मोटो गुझीच्या माणसांनी शेवटच्या फेरीआधी पेट्रोल भरण्याची तयारी मांडून ठेवली होती. वूड्स थांबणार आणि वेळ गमावणार, असे नॉर्टनच्या लोकांनी धरले; पण ते न थांबता निघून गेले. तोवर गथ्री इतके पुढे गेले होते की त्यांना वेग वाढवण्याचा निरोप देणे शक्यच नव्हते.

उत्तर – जुना फिटर, वाळूज

पेट्रोलची युक्ती खरी आहे, पण सगळे श्रेय तिला देणे मला पटत नाही. साठ किलोमीटरहून लांब असलेली ती शेवटची फेरी वूड्स यांनी 26 मिनिटे 10 सेकंदांत, म्हणजे ताशी सुमारे 139 किलोमीटर वेगाने, पूर्ण केली आणि फेरीचा नवा विक्रम केला. गुझीच्या मागच्या चाकाला स्प्रिंग होती, तर नॉर्टनचे मागचे चाक थेट चौकटीत घट्ट बसवलेले होते.

हा फरक मी स्वतः अनुभवला आहे. माझ्या जुन्या गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप गंजून जाम झाले होते. कन्नडच्या घाटात खड्डा आला की मागचे चाक उडे, त्याच क्षणी इंजिनाचा आवाज एकदम चढे आणि चाक पुन्हा टेकले की गाडीला हिसका बसे. चाक हवेत असताना इंजिनाची ताकद वाया जाते, म्हणून चालकाला ॲक्सिलरेटर सोडावा लागतो. सात फेऱ्यांत हे किती वेळा घडत असेल आणि त्यात कंबर किती खचत असेल, याचा विचार करा. त्या दिवशी वूड्स यांना शेवटच्या फेरीतही गाडी पूर्ण वेगाने हाकता आली, यातच मला त्यांच्या विजयाचे खरे कारण दिसते.

उत्तर – गोदाकाठ, नांदेड

फिटरकाका, आपले म्हणणे मान्य आहे. नॉर्टननेही 1936 मध्ये मागच्या चाकाला स्प्रिंग दिली आणि त्या वर्षी गथ्री यांनी आता व्हेलोसेट कंपनीच्या गाडीवर असलेल्या वूड्स यांना सीनियर टीटीत 18 सेकंदांनी मागे टाकले. पुढच्याच वर्षी, 8 ऑगस्ट 1937 रोजी, जर्मन ग्रां प्रीच्या शेवटच्या फेरीत आघाडीवर असताना अपघात होऊन गथ्री यांचा मृत्यू झाला. वूड्स यांच्यासोबत त्यांचेही नाव आदराने घेतले जावे, असे मला मनापासून वाटते.